उरलेला उत्तररंग

यमूताई आठल्यांचा आकडा चौथ्यांदा शून्यावर आला, तेव्हा डॉक्टर समीना मुजावर यांनी रंगनाथ वाळिंब्यांना भेटायला बोलावलं.

रंगनाथराव सकाळची पूजा उरकून, कपाळावरचा बुक्का तसाच ठेवून, बिनचालकाच्या रिक्षात बसून मिरजेबाहेरच्या केंद्रात पोचले. वय सदुसष्ट. वीज मंडळातली नोकरी संपून नऊ वर्षं झाली होती, पण गावात त्यांना वीज मंडळावरून कुणी कधी ओळखलंच नाही. यमूताईंच्या कीर्तनाला एकतीस वर्षं पेटीची साथ करणारे ते वाळिंबे.

डॉक्टरांनी भिंतीवर एक आलेख उमटवला. सपाट माळरानासारखी रेघ आणि तिच्यात ठरावीक अंतरावर चार टेकड्या.

“हे तुम्ही,” डॉक्टर म्हणाल्या.

“मी? कुठं?”

“या टेकड्या. गुरुवार, संध्याकाळी पाच ते सहा. सहा दिवस ताईंची रेघ हलत नाही. सातव्या दिवशी तुम्ही पेटी घेऊन जाता, आणि झालं.”

रंगनाथरावांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. आपलं वाजवणं असं चित्र होऊन भिंतीवर लागलेलं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं. खोटं कशाला बोला, त्यांना थोडं बरंही वाटलं.

कायदा होऊन तीन वर्षं झाली होती. ज्याचा आजार बरा होणार नाही आणि ज्याला तो सोसवत नाही, अशा माणसाला डॉक्टरच्या मदतीनं मरण मागता येत होतं. कायदा व्हायच्या आधी देशात जी भांडणं झाली, ती घराघरांतून झाली होती. एक बाजू म्हणे, ज्याचं दुखणं त्याला ठरवू द्या. दुसरी म्हणे, आज मरण मागणारा माणूस उद्या सकाळी चहा पिऊन मन बदलतो. आणि ‘आमची अडचण नको’ हे म्हाताऱ्या माणसाच्या मनात घरचेच भरवतात. दोघांचंही खोटं नव्हतं, म्हणून भांडण मिटेना. शेवटी ते एका यंत्रानं मिटवलं. नेमकं सांगायचं तर यंत्रावर ढकललं.

त्याचं सरकारी नाव निर्णयस्थैर्यमापक. लोक त्याला कौल म्हणत. देवाला कौल लावायचा, तसं हे मेंदूला लावायचं. कानामागं चिकटवलेली नखाएवढी चकती, बस. ती विचार वाचत नाही. माणूस सुखात आहे की दुःखात, हेही तिला कळत नाही. तिला एकच गोष्ट कळते. आपण पाण्याच्या भांड्याला हात लावायच्या आधी मेंदू त्या हालचालीची तयारी करून बसलेला असतो. तशीच तयारी तो लांबच्या गोष्टींचीही करतो. उद्याची, परवाची, दिवाळीची. आठवणी साठवणारा भाग आणि कपाळामागचा भाग मिळून येणाऱ्या दिवसांची सतत रंगीत तालीम करत असतात. ज्याचं मन खचलंय त्याच्याही मेंदूत ही तालीम चालू असते, फक्त ती वेडीवाकडी आणि भेदरलेली असते. यंत्राला ती वेगळी ओळखू येते आणि अशा माणसाला आधी उपचार मिळतात. पण ज्याचं आवरून झालंय, त्याची तालीम हळूहळू शांत होते. रेघ सपाट होते. ती सलग एकवीस दिवस सपाट राहिली, तर डॉक्टरांनी शेवटचा प्रश्न विचारायचा. मध्येच उद्याची ओढ सात मिनिटांहून जास्त वेळ मर्यादेच्या वर गेली, की आकडा शून्य.

“मग मी जाऊ नये असं म्हणता?” रंगनाथरावांनी विचारलं.

“मला तसं म्हणता येत नाही. मोजणीच्या काळात रुग्णाचं रोजचं आयुष्य जसं आहे तसं चालू राहिलं पाहिजे. जा असंही मी म्हणणार नाही.” डॉक्टरांनी भिंतीवरचा आलेख मिटवला. “फक्त एक सांगते. ताईंचे हातपाय गेले, गळा गेला, श्वास यंत्रावर आहे. त्या बोलतात ते डोळ्यांनी. आता डावा डोळा मंद व्हायला लागलाय. महिना-दीड महिन्यात दोन्ही थांबतील. मग त्यांना हो म्हणता येणार नाही आणि नाहीही म्हणता येणार नाही. आत सगळं जागं असेल. अर्ज मात्र रद्द होईल.”

“किती दिवस राहतात माणसं अशी?”

“वर्षानुवर्षं.”

रंगनाथराव उठले. दारात थांबून म्हणाले, “डॉक्टर, मला हा कायदा मान्य नाही, हे तुम्हाला माहीत असेल.”

“ताईंनी सांगितलंय. म्हणाल्या, आमचा पेटीवाला विरोधी पक्षात आहे.”

*

बातमी गावात पोचायला वेळ लागला नाही. दत्तमंदिराचे विश्वस्त विसूभाऊ कोटणीस दुसऱ्या दिवशी पारावर वाट बघतच बसले होते. कायद्याच्या विरोधात मिरजेतून जी सह्यांची मोहीम निघाली, ती त्यांचीच. माणूस तोंडाचा फटकळ, पण मनाचा निर्मळ.

“रंगनाथ, गुरुवारचीच वाट कशाला बघतोस? रोज जा की. सात मिनिटं पेटी वाजवायची. त्यात तुझं काय जातं?”

“ताईंना ते नकोय, विसूभाऊ.”

“ताई शहाणी आहे, तिचं मी बोलतच नाही. पण तिला बघून उद्या कोण कोण अर्ज करील, त्याचा विचार कर. माझा बाप शेवटी तीन वर्षं अंथरुणावर होता. आम्ही कधी उणा शब्द बोललो नाही, तरी रोज म्हणायचा, विसू, तुम्हाला माझी अडचण होते. तेव्हा हे यंत्र असतं ना, तर माझ्या बापानं आमच्यासाठी ती रेघ सपाट करून दाखवली असती. आणि तीच तीन वर्षं, माझ्या मांडीवर डोकं ठेवून भजन ऐकलेली, ती गेली असती.”

 हे रंगनाथरावांच्याच मनातलं होतं.

गुरुवारी ते पेटी घेऊन यमूताईंच्या दारात उतरले, तर ताईंची मुलगी मैथिली फाटकातच उभी. चाळिशीची, शिक्षिका, आईच्या दुखण्यात निम्मी झालेली.

“काका, राग मानू नका. महिनाभर येऊ नका ना.”

“तुलाही वाटतं, सुटावी?”

“मला नाही वाटत!” तिचा आवाज चढला. “मी आणखी दहा वर्षं करीन तिचं. तिला नकोय, काका. तिला. हे कुणी ऐकूनच घेत नाही. सगळे माझ्याकडं असं बघतात, जसं काही मीच...”

आतून आवाज आला. खणखणीत, भरदार, शेवटच्या ओळीपर्यंत ऐकू जाणारा कीर्तनातला आवाज. “मैथिली, त्यांना आत सोड. साथीदाराला फाटकात अडवत नाहीत.”

तो आवाज म्हणजे यंत्रच होतं. जुन्या ध्वनिमुद्रणांवरून बनवलेलं. ताई डोळ्यांनी पटलावर शब्द टिपायच्या आणि खुर्चीला जोडलेला पेटारा ते बोलून दाखवायचा. पण सगळी मुद्रणं कीर्तनाचीच, त्यामुळं ताई पाणी मागायच्या तेसुद्धा भरल्या सभेला उद्देशून मागितल्यासारखं वाटायचं.

ताई खिडकीशी कलत्या खुर्चीत होत्या. डोळे तेवढे जिवंत. पायांवर पांघरूण, त्याखाली पावलं सुजून टम्म.

“कळलं का वाळिंबे? तुम्ही माझ्या मरणाच्या आड येताय.”

“मी नाही, पेटी.”

“पेटी आपली आपण वाजते वाटतं!”

रंगनाथराव बसले. जे बोलायचं ठरवून आले होते ते बोलून टाकलं. “ताई, श्वास मोजून दिलेले असतात. देणारा तो, नेणारा तो. तुम्हीच सांगत आलात हे एकतीस वर्षं.”

पटलावर डोळे फिरत राहिले. बराच वेळ. मग आवाज आला. “मोजून दिलेले माझे श्वास आषाढातच संपले. तेव्हापासूनचे या पंपाचे आहेत. ते त्यानं दिलेत की विजेनं, हे विजेच्या माणसानं सांगावं.”

मैथिली दारातच हसली, आणि हसू आल्याचं तिला नवल वाटलं.

“मग गुरुवारी ती टेकडी का येते?” रंगनाथरावांनी विचारलं. “रेघ सांगते, तुम्हाला उद्या हवाय.”

“तुम्ही मला अर्ध्यात सोडून जाता म्हणून.”

त्यांना कळेना.

“नमन करता. पूर्वरंग वाजवता. नामगजर झाला की पेटीचं झाकण लावता आणि म्हणता, पुढच्या गुरुवारी येतो. सात महिने मी पूर्वरंग संपवून गादीवर उभी आहे, वाळिंबे. हार नाही, बुक्का नाही, आख्यान नाही. कीर्तनकारानं गादी सोडावी कशी?”

 कीर्तनाचे दोन भाग. पूर्वरंगात विषय मांडायचा. मग नामाचा गजर, त्यात कीर्तनकाराच्या कपाळी बुक्का आणि गळ्यात हार. मग उत्तररंग, म्हणजे आख्यान. आणि शेवटी आरती. ताईंचा गळा गेल्यावरही रंगनाथरावांनी गुरुवार चुकवला नव्हता, पण आख्यान सांगणं हा कीर्तनकाराचा अधिकार. पेटीवाल्यानं त्याला तोंड लावायचं नसतं. म्हणून ते मर्यादा पाळून मध्यावर थांबत आले होते. सात महिने. ज्याला ते आदर समजत होते, त्यापायी एक बाई ताटकळत उभी राहिली होती.

“आज सांगा,” आवाज म्हणाला. “गुरवाचं. मी रचलेलं. साथ करून पाठ झालं असेल.”

“माझा आवाज म्हणजे...”

“मला माहीत आहे तुमचा आवाज. सांगा.”

हार हवा होता. मैथिलीनं अंगणातली तगर तोडून घाईघाईनं ओवली. रंगनाथरावांनी ताईंच्या कपाळी बुक्का लावला, नळ्या सांभाळून हार घातला, आणि आयुष्यात पहिल्यांदा आख्यान लावलं.

गुरव देवाची शेजारती करायचा. ती झाली की देव निजायचा. एके दिवशी देवाचं रूप असं खुललं, की गुरवाला दार लावावंसं वाटेना. म्हणाला, थोडं आणखी बघतो. निरांजन लावलंच नाही. बघता बघता तिथंच डोळा लागला. पहाटे जाग आली, पाय धरायला वाकला, तर देवाची पावलं सुजलेली. शेजारती झाली नाही म्हणून देव उभाच. गुरव रडायला लागला, देवा, निजायचं होतंस की. देव म्हणाला, तुझं बघून झालं नव्हतं ना.

दोनदा ते अडखळले, दोनदा पेटाऱ्यानं ओळ पुरवली. तिसऱ्यांदा आवाज म्हणाला, “गुरव एवढ्या वरच्या पट्टीत, काळी चारमध्ये का रडतोय? काळी दोन घ्या, त्याला परवडेल.” कानामागच्या चकतीवरचा हिरवा ठिपका ओढ मर्यादेवर गेल्यानं तांबडा झाला होता. टेकडी आजवरची सगळ्यांत उंच असणार.

आख्यान संपलं. उरली आरती. समोर ताम्हनात निरांजन, तुपाची वात. रंगनाथरावांनी ते बघितलं. ताईंचे डोळे बघितले. खिसा चाचपला.

“काडेपेटी विसरली,” ते म्हणाले.

“मैथिली, काडेपेटी दे.”

“नको नको,” ते पेटीचा भाता बांधत म्हणाले, “उशीर झालाय. पुढच्या गुरुवारी आरतीपासून धरू.”

 ते घरी गेले. आकडा पाचव्यांदा शून्य झाला.

*

काडेपेटी खिशातच होती. संध्याकाळच्या दिव्याला ती लागते, म्हणून ते कायम जवळ बाळगत. खोटं बोललो, ते चांगल्यासाठी बोललो, असं त्यांनी स्वतःला दोन दिवस समजावलं. तिसऱ्या दिवशी विसूभाऊंनी पाठीवर हात ठेवून “जिंकलास” म्हटलं. तेव्हा मात्र ते तिथून उठून चालते झाले.

मंगळवारी मैथिलीचा फोन आला.

“काका, आई हार काढू देत नाही. फुलं कुजायला लागलीत, मानेला पुरळ उठलंय. काढायला गेले की एकच म्हणते, आरती व्हायचीय. आणि... आता एक वाक्य जुळवायला तिला पाऊण तास लागतो.”

रंगनाथराव फोन ठेवून देवासमोर बसले. त्यांनी काही मागितलं नाही. काय मागावं हेच ठरेना. मागणं उलटसुलट, दोन्ही बाजूंचं तोंडाशी येत होतं. शेवटी नुसतेच बसून राहिले आणि मग उठून त्यांनी निरांजन घासून ठेवलं.

गुरुवारी ते गेले, तेव्हा खोलीत कुजक्या तगरीचा वास होता. ताईंनी त्यांच्याकडं बघितलं. पटल रिकामंच होतं.

“बोलू नका, ताई. माझं मला कळलं.”

त्यांनी पेटी उघडली. खिशातून काडेपेटी काढून ताईंना दिसेल अशी धरली, आणि वात लावली. मैथिलीनं टाळ घेतले. आरती झाली. नळ्या सांभाळत त्यांनी हार उतरवला, पुरळ उठलेल्या मानेवर ओला रुमाल फिरवला. रिवाजाप्रमाणं आता पुढच्या कीर्तनाचा दिवस सांगायचा. मैथिली त्यांच्या तोंडाकडं बघत होती.

त्यांनी नमस्कार केला आणि काही न सांगता उठले.

शुक्रवारी मोजणीचा पहिला दिवस पडला. सातव्या दिवशी ते आले, बिनपेटीचे. खुर्चीशेजारी बसून गावातल्या गोष्टी सांगितल्या. ठिपका हिरवाच राहिला. चौदाव्या दिवशी विसूभाऊ बरोबर आले. खूप काही बोलायच्या तयारीनं आले होते, ताईंना बघून फक्त म्हणाले, “तुमच्या कीर्तनाला मी पहिल्या रांगेत पेंगायचो, माफी असावी.” पाऊण तासानं पेटाऱ्यानं उत्तर दिलं, “घोरायचात.” विसूभाऊ बाहेर अंगणात जाऊन उभे राहिले.

एकविसाव्या दिवशी, गुरुवारी, संध्याकाळी सहाला मोजणी पुरी होणार होती. रंगनाथराव पाचला आले, आणि त्यांच्या हातात पेटी होती. का घेतली, हे त्यांना धड सांगता आलं नसतं. एकतीस वर्षांची सवय म्हणावी, तर गेले दोन गुरुवार ती मोडलेली. मैथिलीनं पेटी बघितली आणि तिचा चेहरा उतरला. खोलीत डॉक्टर मुजावर होत्या; त्यांनीही पेटीकडं बघितलं आणि नजर वळवली. सात मिनिटं पुरेशी होती. नंतर पुन्हा एकवीस दिवस, आणि तेवढे दिवस त्या डोळ्यांत उरले नव्हते.

रंगनाथरावांनी पेटी भिंतीशी ठेवली. झाकणाला हात लावला नाही.

पटलावर एकेक अक्षर उमटत होतं. सगळे थांबले. वीस मिनिटांनी आवाज आला. “वाजवा.”

“मोडेल, ताई.”

पुन्हा वाट. पावणेसहा वाजले. “मोडू द्या. वाजवा.”

त्यांनी डॉक्टरांकडं बघितलं. त्या म्हणाल्या, “त्यांचं रोजचं आयुष्य आहे. मी अडवू शकत नाही.”

त्यांनी भाता सोडला. नमन नाही, पूर्वरंग नाही. नुसते भैरवीचे सूर, कीर्तन संपून लोक चपला शोधत असताना ते वाजवायचे तसे. एक मिनिट. दोन. ते यंत्राकडं बघत नव्हते. पांघरुणाखालच्या पावलांकडं बघत होते. डॉक्टर मात्र बघत होत्या. रेघ हलली. वर चढली, मर्यादेला टेकली, तिथंच थरथरत राहिली. आणि मग, सूर चालू असतानाच, सावकाश खाली आली. ताईंच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी वाहत होतं. ऐकत त्या होत्याच. पण पुढचा गुरुवार आता कुणी ठेवला नव्हता.

सहा वाजले. डॉक्टरांनी प्रश्न विचारला, कायद्यात लिहिलाय तसाच, शब्दही न बदलता. हो म्हणायला ताईंना फक्त एकदा वर बघायचं होतं. त्यांनी वर बघितलं. मग नजर पटलावर आली आणि हळूहळू फिरू लागली. डॉक्टर म्हणाल्या, गरज नाही, उत्तर मिळालं. नजर थांबली नाही. बाहेर दिवेलागण झाली, मैथिलीनं दिवा लावला, तरी सगळे बसून राहिले.

शेवटी तो भरदार आवाज आला, “पायांची सूज उतरली, वाळिंबे.”

रंगनाथरावांनी पांघरूण बाजूला केलं. पावलं तशीच होती, सुजलेली. त्यांनी त्यांवर डोकं ठेवलं.

*

शनिवारी सकाळी ताई गेल्या. मैथिलीनं हात धरला होता.

पुढच्या गुरुवारी रंगनाथरावांना केंद्रात जावं लागलं. मोजणीच्या काळात नेमानं भेटणाऱ्या माणसाला एक जबाब भरून द्यावा लागतो. कायद्याचा दर पाच वर्षांनी फेरविचार होतो, तेव्हा हे जबाब वाचले जातात. प्रश्न दोनच होते.

रुग्णाचा निर्णय त्याचा स्वतःचा होता असं आपणांस वाटतं का? त्यांनी लिहिलं, हो.

असा निर्णय घेण्यास माणसाला मुभा असावी असं आपणांस वाटतं का? बराच वेळ पेन तसंच धरून त्यांनी लिहिलं, नाही.

डॉक्टर मुजावरांनी कागद वाचला. “दोन्ही असंच ठेवायचं?”

“विचारलंत दोन्ही, म्हणून लिहिलं.”

“विसूभाऊंची माणसं पहिलं उत्तर झाकतील. दुसरी बाजू दुसरं झाकेल.”

“झाकू देत. सही एकाच कागदावर आहे.” त्यांनी सही केली आणि कोपऱ्यातली पेटी उचलली. “निघतो. पाचला मंदिरात कीर्तन आहे. सातारची नवी मुलगी आहे, चोविशीची. साथीला बोलावलंय.”

“चांगली करते?”

“आज कळेल. विसूभाऊ पहिल्या रांगेत बसणार आहेत. त्यांना झोप लागली, तर चांगली.”

रिक्षात बसल्यावर त्यांनी शर्टाचा खिसा चाचपला. काडेपेटी होती.